सासऱ्यांची फीची वही

पत्र:

मी मूळची साताऱ्याची. नवरा नायजेरियातला, योरुबा समाजाचा, तो पुण्यात शिकायला होता तेव्हाची आमची ओळख. लग्नानंतर इबादानला आलो. तो एका विद्यापीठाच्या कार्यालयात आहे, मी शाळेत गणित शिकवते. मुलगी दहा वर्षांची. माझे सासरे गेल्या फेब्रुवारीत गेले, वय ७६. कोकोची शेती असलेल्या खेड्यातून ते इबादानला आले, १९६७ साली शिक्षण खात्यात कारकून म्हणून लागले आणि ३५ वर्षांनी उपसंचालक होऊन निवृत्त झाले. घर साधं, गाडी एकच आणि तीही जुनी. पण अंत्यविधीला माणसं मावेनात, आणि जो भेटेल तो सांगत होता, ‘माझी फी यांनी भरली.’

कपाट आवरताना नवऱ्याला त्यांच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. मुलाचं नाव, शाळा, सत्र, रक्कम, गंजलेल्या टाचणीने लावलेली पावती, आणि शेवटच्या रकान्यात गणिताचे गुण. एका वेळी तीन-चार नावं. काही नावांवर लाल शाईची रेघ. सध्या चार नावं चालू आहेत: चुलत दिराची दोन लहान मुलं, बाबांच्या ऑफिसातल्या वारलेल्या शिपायाची नात (सीनियर सेकंडरीच्या दुसऱ्या वर्षाला), आणि सासूबाईंच्या माहेरचा एक मुलगा, जो सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांची पेन्शन त्यांच्याबरोबर थांबली. नवरा म्हणतो, या चौघांचं आता आपण करायचं. मोठे दीर लागोसला असतात, नणंद इंग्लंडमध्ये नर्स आहे. त्यांच्याशी तो काही बोललेला नाही. आमच्या दोघांच्या पगारात घर, मुलीची शाळा आणि ही चार मुलं बसत नाहीत. मी आकडे मांडून दाखवले तर तो गप्प झाला, नंतर दोन दिवस धड बोलला नाही. मी आडवी आले तर बाबांनी केलेल्या सगळ्यावर पाणी फिरवणारी सून ठरते. गप्प बसले तर माझ्याच मुलीच्या तोंडचं काढून दिल्यासारखं होतं. शिवाय वर्षाच्या स्मरणदिनाला पुस्तिका छापायची आहे, त्यात सुनेने लिहायचं आहे. काय लिहू?

उत्तर:

ताई, तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबले. काही नावांवर लाल शाईची रेघ आहे. ती का मारली, हे सासूबाईंना विचारलंत का? शिक्षण संपलं म्हणून नाव बंद करायचं तर माणूस ‘पूर्ण’ लिहील, तारीख घालेल. रेघ मारून काट मारली म्हणजे मधेच थांबवलं. मुलगा शाळेत जाईना, किंवा बापाला नोकरी लागली, किंवा त्या सत्रात बाबांकडेच पैसे नव्हते. कारण काहीही असो, तुमच्या सासऱ्यांनी काही जणांना नाही म्हटलेलं आहे. अंत्यविधीला आलेल्या गर्दीत हे कोणी सांगणार नाही आणि तुमच्या यजमानांना ते आज दिसणारही नाही. वडील जाऊन वर्षही झालेलं नाही. त्यांना वही उघडली की फक्त भरलेल्या पावत्या दिसत असणार.

तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात. वही तुम्ही नीट वाचा, अगदी पहिल्या पानापासून. ती कशी वाचायची हे सांगण्याआधी ती लिहिणारा माणूस कुठून आला ते थोडं सांगते, कारण त्याशिवाय तिचा अर्थ लागायचा नाही.

तुम्ही दिलेल्या वयावरून ते १९४८-४९ च्या सुमारास जन्मले. पश्चिम नायजेरियात ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारने जानेवारी १९५५ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं, तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. म्हणजे बहुधा त्या पहिल्याच तुकडीतले. आदल्या वर्षी विभागातल्या प्राथमिक शाळांत साडेचार लाखांच्या आसपास मुलं होती. त्या जानेवारीत आकडा आठ लाखांवर गेला. मातीच्या भिंतींचे वर्ग घाईघाईने उभे राहिले, शिक्षक पुरेनात. ज्यांच्या घरात आधी कोणी पाटीला हात लावला नव्हता अशी मुलं त्यात होती. सहा वर्षांनी मात्र ती वाट संपायची, कारण माध्यमिक शाळेला फी होती. मग घरोघरी एकच हिशेब मांडला जायचा: कोणाला पुढे पाठवायचं आणि कोणी शेतावर राहायचं. कोकोचं पीक विकून, गावाच्या मंडळाने वर्गणी काढून, थोरल्या भावाने आपली शाळा सोडून एकाला पुढे काढायचं. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत तो कोण होता हे पत्रात नाही. पण कोणीतरी असणारच, कारण १९६७ ला खात्यात कारकून व्हायला शाळेची शेवटची परीक्षा पास व्हावी लागायची आणि खेड्यातल्या मुलाला तिथवर जाणं एकट्याच्या बळावर शक्य नव्हतं. सासूबाईंना हेही विचारा. त्यांना नक्की ठाऊक असेल.

नोकरीत लागले त्या काळी इबादानच्या सचिवालयाचा दरारा होता. सिमियन अडेबो यांच्यासारखी माणसं रेल्वेतल्या कारकुनीपासून सुरुवात करून पश्चिम विभागाच्या सनदी सेवेच्या प्रमुखपदी पोचली होती आणि पुढे संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधी झाली होती. खेड्यातून आलेल्या कारकुनाला ही शिडी डोळ्यांसमोर दिसत होती. मग १९७४ मध्ये उडोजी आयोगाने पगारवाढ सुचवली, मागच्या महिन्यांची थकबाकी सरकारी नोकरांच्या हातात एकगठ्ठा पडली आणि बाजारात भाव भडकले. पुढच्याच वर्षी मुर्तला मोहम्मद यांचं लष्करी सरकार आलं आणि काही महिन्यांत दहा हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. कोणाला भ्रष्टाचारासाठी, कोणाला वय झालं म्हणून, कोणाला कुवत नाही म्हणून. पुष्कळांना कारणही नीट कळलं नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस सकाळी आहे आणि दुपारी नाही, हे ज्याने तिशीच्या आत पाहिलं, तो कोणाच्या शिक्षणाची दहा वर्षांची हमी देत नाही. तो फक्त पुढच्या सत्राची फी भरतो. वहीत ‘सत्र’ हा रकाना आहे असं तुम्ही लिहिलंत ना, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बाबांनी वचन कधी वर्षांचं दिलेलं दिसत नाही.

ऐंशीच्या सुरुवातीला मी आणि माझे यजमान नायजेरियात शिकवत होतो. १९७९ साली बोला इगे ओयो राज्याचे गव्हर्नर झाले आणि तिथे माध्यमिक शिक्षणही मोफत झालं. इतर ठिकाणीही शाळा भराभर वाढत होत्या, म्हणून आमच्यासारखे पुष्कळ भारतीय शिक्षक तिकडे गेले. आम्ही दुसऱ्या राज्यात होतो, पण शिक्षण खात्यातला माणूस कसा असतो ते मी जवळून पाहिलं. आमच्या भागाचे एक अधिकारी तपासणीला यायचे. हजेरीपट बघायचे, आणि मग एखाद्या मुलाचं नाव घेऊन विचारायचे, ‘हा तीन आठवडे का नाही?’ एवढ्या शाळांतल्या एवढ्या मुलांत त्यांना ते नाव कसं आठवायचं, मला नवल वाटे. पुढे कळलं की अशा मुलांची एक यादी ते खिशात बाळगत आणि त्यातल्या काहींची पुस्तकं स्वतःच्या पगारातून घेऊन देत. तुमच्या सासऱ्यांच्या वहीतले गणिताचे गुण वाचले तेव्हा मला तेच गृहस्थ आठवले. ही माणसं मनाने उदार होती हे खरंच, पण त्याहून जास्त ती शिस्तीची होती. फी भरली म्हणजे काम झालं असं त्यांना वाटत नसे. पोरगं शिकतंय की नाही हे ती बघत.

आता वही. पहिलं काम हे करा: तुमचे यजमान, दीर आणि नणंद शाळा-कॉलेजात होते त्या वर्षांची पानं काढा. साधारण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत. तो काळ सरकारी नोकराला फार कठीण गेला. १९८५ पर्यंत एक डॉलर एका नायराहून कमी किमतीला मिळत होता, १९८७ मध्ये त्याला चार नायरा पडू लागले. पगार होता तिथेच राहिला आणि बाजार चढत गेला. त्या वर्षांत, स्वतःची तीन मुलं शिकत असताना, बाबांच्या वहीत बाहेरची नावं किती होती? माझा अंदाज आहे की एखाददुसरंच असेल, किंवा काही सत्रांत एकही नसेल. चार नावं त्यांनी पेलली ती पुढे, स्वतःची मुलं मार्गी लागल्यावर. माझा अंदाज चुकला तरी काही बिघडत नाही, खरं काय ते कळेल. पण तो बरोबर निघाला तर यजमानांपुढे तुमचे आकडे ठेवू नका, बाबांचं ते पान ठेवा. दहा वर्षांची मुलगी घरात असताना वडिलांनी किती भार उचलला होता, हे त्यांना वडिलांच्याच अक्षरात वाचू द्या. बायकोने पगाराचा तक्ता दाखवला की नवऱ्याला वाटतं आपल्या वडिलांचं मोल केलं जातंय. तुम्ही तसं केलं नाहीत हे मला कळतं, पण त्यांना त्या दिवशी तेच वाटलं असणार.

दुसरं, चार मुलं म्हणजे चार सारखे बोजे नाहीत. तुम्ही त्यांना एकत्र मोजता म्हणून ते न पेलवणारे वाटतात.

शिपायाच्या नातीचा विषय माझ्या मते वादाचाच नाही. सीनियर सेकंडरीचं तिचं दुसरं वर्ष चालू आहे. उरलेली सत्रं, वाएकच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या परीक्षा मंडळाच्या, शालान्त परीक्षेची फी आणि विद्यापीठ प्रवेशासाठी जांब या प्रवेश मंडळाचा फॉर्म, इतकाच हा हिशेब आहे. तिच्यामागे दुसरं कोणी नाही आणि मुलगी ऐन दाराशी पोचली आहे. इथे हात आखडता घेऊ नका. बाकी तिघांचं काहीही ठरलं तरी हिची फी सप्टेंबरात वेळेवर जायला हवी.

विद्यापीठातल्या मुलाचं वेगळं. त्याला चार वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे चार वर्षं असं धरून चालू नका. प्राध्यापकांचा संप २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर मिटला. आठ महिने मुलं घरी बसली होती. तुम्ही विद्यापीठाच्याच घरातल्या, तुम्हाला हे मी काय सांगणार. म्हणून ‘पदवीपर्यंत’ असा शब्द त्याला देऊ नका. त्याने सरकारच्या विद्यार्थी कर्ज निधीकडे, नेलफंडकडे अर्ज केला आहे का ते आधी विचारा. २०२४ पासून ही योजना सुरू आहे. कर्जाला व्याज नाही, फी थेट विद्यापीठाला जाते, खर्चासाठी मुलाला महिन्याला २०,००० नायरा मिळतात, आणि परतफेड पदवीनंतरचं राष्ट्रीय सेवेचं वर्ष संपून दोन वर्षं झाल्यानंतर सुरू होते. कर्ज घेणं म्हणजे बाबांच्या नावाला बट्टा, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने सरकारी योजनेचा फॉर्म स्वतः आणून दिला असता. कर्ज मिळूनही जे कमी पडेल तेवढंच घरच्यांनी बघावं.

राहिली चुलत दिरांची दोन मुलं, आणि खरा पेच इथेच आहे. त्यांचे आईबाप हयात आहेत. बाबा ती फी का भरत होते? चुलत दिरांना काम नव्हतं म्हणून, की एकदा सुरू झालं आणि चालू राहिलं म्हणून? ही मुलं लहान आहेत. आज हो म्हणालात तर तुम्ही दहा-बारा वर्षांसाठी बांधले जाल. नायजेरियातलं शिक्षण सहा वर्षं प्राथमिक, तीन कनिष्ठ माध्यमिक, तीन वरिष्ठ माध्यमिक आणि चार विद्यापीठ अशा टप्प्यांत आहे. हो म्हणायचंच असेल तर चालू टप्प्यापुरतं म्हणा, आणि तेही निम्मं. निम्मं त्यांच्या वडिलांनी. रक्कम कितीही लहान असू दे, पण ती त्यांच्या हातून शाळेत जाऊ दे. टप्पा संपला की पुन्हा बसायचं. आणि कुठलंही वचन देताना नायराचा भरवसा धरू नका. जून २०२३ च्या सुरुवातीला एका डॉलरला ४६० च्या आसपास नायरा पडत होते, वर्षभरात ते १,५०० च्या घरात गेले. त्यामुळे ‘दोन सत्रांची पुस्तकं’ किंवा ‘परीक्षेची फी’ अशी नेमकी गोष्ट अंगावर घ्या, ‘तुमचं शिक्षण आम्ही बघू’ असं मोघम बोलू नका.

तिसरं. हे सगळं तुमच्या एका घराने का करायचं? बाबांना तीन मुलं आहेत. लागोसच्या दिरांना आणि इंग्लंडच्या नणंदेला यजमानांनी काही सांगितलेलंच नाही, हे वाचून मला तुमच्याहून त्यांची काळजी वाटली. जवळ राहणाऱ्या मुलाने सगळं एकट्याने उचलायचं आणि मनातल्या मनात कुढायचं, हे साताऱ्यातही होतं आणि इबादानमध्येही. नणंदेला कदाचित वाटत असेल की आपल्याला कोणी विचारतच नाही. वहीच्या चालू पानांचे फोटो त्या दोघांनाही पाठवा आणि सप्टेंबरच्या सत्राआधी बैठक ठेवा.

त्या बैठकीत पैशाचा विषय तुम्ही काढू नका. तुम्ही इतकी वर्षं त्या घरात आहात, तेव्हा हे तुम्हाला माहीतच असेल: योरुबा घरात सुनेचा मान ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून मोजतात आणि तिच्याआधी त्या घरात जन्मलेलं पोर तिला मोठं धरलं जातं. हे बरं की वाईट, हा वाद वेगळा. पण त्या दिवशी तुमच्या तोंडून निघालेला योग्य मुद्दाही ‘बाहेरून आलेली बोलली’ म्हणून बाजूला पडेल. बाबांची बहीण हयात असेल तर आधी तिच्याकडे जा. नसेल तर सासूबाईंकडे, आणि त्यांच्याकडे तर तुम्ही जायलाच हवं, कारण माहेरच्या मुलाचा प्रश्न त्यांचा आहे. त्यांच्याशी एकटीने बसा. ‘मला जमत नाही’ असं सुरू करू नका. वही पुढे ठेवा आणि विचारा की यात बाबा कसं ठरवायचे. नवं नाव कधी घ्यायचे, जुनं कधी थांबवायचे, तुम्हा दोघांत यावरून कधी वाजलं का. वाजलं असेलच. महिन्याच्या पगारातून परक्या पोराची फी जाताना ज्या बाईने घर चालवलं, तिच्याकडे या प्रश्नाची अशी उत्तरं असतील जी मी इथून देऊ शकत नाही. आजवर तिला कोणी ती विचारली नसण्याचाच संभव जास्त. अंत्यविधीला सगळे बाबांविषयी बोलले, वहीत कुठेच न दिसणाऱ्या या बाईविषयी कोणी बोललं का?

एक व्यवहाराची गोष्ट. यजमानांच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था असेल. तिकडे बहुतेक ठिकाणी असते, आणि साठवलेल्या रकमेच्या दुप्पट कर्ज देण्याची पद्धत सर्रास आहे. ती सोय या चार मुलांसाठी वापरू नका. ते कर्ज पगारातूनच कापलं जातं आणि मग महिनाअखेरीची ओढाताण तुमच्या घरात सुरू होते. त्याऐवजी तिघा भावंडांनी एक वेगळं खातं काढावं, प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे दर महिन्याला टाकावं, आणि फी फक्त त्यातूनच जावी. खात्यात नसेल तर त्या सत्रात नवी जबाबदारी नाही. हिशेब तुम्ही ठेवा. बैठकीत बोलायचं नाही म्हणाले, हिशेब ठेवायचा नाही असं नाही. वही तुमच्या हातात आली की घरातलं तुमचं स्थान न भांडता बदलतं.

मुलीबद्दल थोडक्यात. तिची शाळा आणि ही चार मुलं यांचा एकमेकांशी संबंध लावणं आजपासून बंद करा, निदान तिच्यासमोर. तिच्या माध्यमिक शिक्षणाचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेलाच वेगळे काढा. ते भावंडांच्या खात्यात जाणार नाहीत, हे यजमानांशी आधीच स्पष्ट बोला. महागडी खासगी शाळा की फेडरल सरकारची कॉलेजं (म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या माध्यमिक शाळा), हे तिची कुवत आणि तुमची ऐपत बघून ठरवा. उद्या तिला हवी ती शाळा मिळाली नाही तर खापर शिपायाच्या नातीवर फुटता कामा नये.

आणि पुस्तिका. विशेषणं लिहू नका, ती बाकीचे लिहितील. ‘थोर’, ‘त्यागमूर्ती’, ‘दीपस्तंभ’ यांनी बाकीची पानं भरलेली असतीलच. तुम्ही एका मुलाची नोंद घ्या, त्याची परवानगी घेऊन. कोणत्या साली नाव घातलं, कोणती शाळा, किती सत्रं, गणितात पहिल्या सत्रात किती आणि शेवटच्या सत्रात किती, आज तो काय करतो. त्याखाली, कोणा थोरल्या भावाने वा काकाने बाबांची स्वतःची फी भरली होती ते नाव छापा, सासूबाईंकडून कळलं तर. त्या माणसाचं नाव आजवर कुठे छापलं गेलं नसेल.

सासूबाईंकडे या रविवारीच जा. बैठकीची तारीख ठरली आणि त्या जुन्या पानांवर काय निघालं, ते मला जरूर कळवा. लाल रेघांचं कारणही.